नागरी वन्यजीव सान्निध्य (ठाणे)

शहरी वस्तीत किंवा तिच्या कडेला वन्य प्राणी व माणूस यांची वारंवार गाठ पडण्याची स्थिती. ठाणे शहरात तिचा संबंध मुख्यतः बिबट्या, साप, माकडे व खाडीकाठचा कोल्हा यांच्याशी येतो.

शहराच्या पश्चिमेस संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा (सु. १०४ चौ. किमी.) येऊरचा डोंगर, पूर्वेस ठाणे खाडी आणि उत्तरेस वसईकडे जाणारी उल्हास नदीची खाडी आहे, तिच्या पलीकडे तुंगारेश्वर अभयारण्य. उद्यानाचा मुख्य भाग व उत्तरेकडील नागला खंड यांच्यामधून घोडबंदर रस्ता जातो. विसाव्या शतकाच्या अखेरीपासून मानपाडा, पातलीपाडा, वाघबीळ, कासारवडवली येथे मोठी गृहसंकुले उभी राहिली व कित्येक इमारतींची मागची भिंत वनाच्या हद्दीला भिडली.

बिबट्या वस्तीत का येतो, याबद्दल एकमत नाही. वनावर अतिक्रमण झाल्याने व भक्ष्य घटल्याने तो ‘बाहेर पडतो’, हे मत सर्वाधिक प्रचलित आहे. दुसऱ्या मतानुसार वनाची कड हा त्याचा नेहमीचाच वावर असून भटकी कुत्री त्याला तेथे टिकवून ठेवतात. आदिवासी पाड्यांमधील वाघोबा या व्याघ्रदेवतेची ठाणी आणि आश्विन वद्य द्वादशीचा वाघबारस हा सण ही या सान्निध्याच्या जुनेपणाची खूण मानली जाते. मात्र त्यांचा काळ निश्चित करता येत नाही. विष्ठेच्या विश्लेषणावर आधारलेले अभ्यास दुसऱ्या मताला अधिक पुष्टी देतात. २०१५ च्या अभ्यासात वन्य भक्ष्याचा वाटा निम्म्याहून अधिक आढळला, तरी एकेका प्रजातीचा विचार करता कुत्रा हेच प्रमुख भक्ष्य ठरले. म्हणजे वनात खायला काहीच उरले नाही, हे गृहीतक टिकत नाही.

जून २००४ मधील हल्ल्यांच्या लाटेचे कारणही असेच वादग्रस्त आहे. त्या सुमारास इतरत्र पकडलेले बिबटे उद्यानात सोडले जात होते, याकडे वन्यजीव-अभ्यासक विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनी लक्ष वेधले. जुन्नर परिसरातही बिबटे हलवल्यानंतर हल्ले कमी न होता वाढल्याचे त्यांना दिसून आले. अनोळखी मुलखात सोडलेला प्राणी मूळ जागेकडे निघतो आणि वाटेत नव्या वस्त्यांतून जातो. त्याची रिकामी हद्द कोवळे, अननुभवी बिबटे व्यापतात. ही कारणमीमांसा आज सामान्यतः ग्राह्य धरली जाते. केंद्र शासनाच्या २०११ च्या मार्गदर्शक सूचनांतही पकडणे हा अखेरचा उपाय मानला आहे. बिबट्या किती दूर जातो याचे ठळक उदाहरण ‘आजोबा’ या नराचे आहे. २००९ मध्ये रेडिओ कॉलर (ठावठिकाणा कळवणारा गळपट्टा) लावून माळशेज घाटाजवळ सोडल्यावर तो सु. १२० किमी. अंतर कापून मुंबईलगतच्या वनात पोचला. डिसेंबर २०११ मध्ये महामार्गावर वाहनाच्या धडकेने तो मेला.

गणनेची जुनी पद्धत पाऊलखुणांवर आधारलेली होती. एकाच पंजाचा ठसा ओल्या व कोरड्या मातीत वेगळा उमटत असल्याने ती आता विश्वसनीय समजली जात नाही. तिच्याऐवजी वापरल्या जाणाऱ्या कॅमेरा सापळ्यांत (प्राणी जाताच आपोआप छायाचित्र टिपणाऱ्या यंत्रणेत) वाटेच्या दोन्ही बाजूंना, गुडघ्याएवढ्या उंचीवर, समोरासमोर दोन कॅमेरे बसवतात. बिबट्याच्या डाव्या व उजव्या अंगावरील ठिपक्यांची नक्षी वेगवेगळी असते. एकच बाजू टिपली तर एक प्राणी दोनदा मोजला जाण्याचा धोका राहतो. या पद्धतीने उद्यान व लगतच्या भागांत २०१५ मध्ये ३५, तर २०१८ मध्ये ४७ बिबटे ओळखले गेले.

बिबट्या इमारतींत अडकला तर परिणाम बहुतांशी गर्दीवर ठरतो. २० फेब्रुवारी २०१९ रोजी एक बिबट्या पहाटे ठाण्यातील कोरम मॉलच्या आवारात दिसला. काही तासांनी जवळच्या हॉटेलच्या तळघरात त्याला बेशुद्ध करून पकडण्यात आले. बेशुद्धीसाठी सहसा झायलाझिन व केटामाइन एकत्र वापरतात. डार्ट (दुरून मारलेली औषधाची सुई) लागल्यावर प्राणी लगेच कोसळत नाही, काही मिनिटे जातात. आरडाओरड्याने तो बिथरलेला असेल तर औषध उशिरा चढते वा अपुरे पडते, आणि नेमक्या याच वेळी जवळ गेलेली माणसे जखमी होतात. उघड्यावर किंवा झुडपात दिसलेल्या बिबट्याला डार्ट मारू नये. वाट मोकळी ठेवून माणसे हटवली की अंधार पडल्यावर तो बहुधा स्वतःच निघून जातो. वन विभागाचा मदत क्रमांक १९२६ आहे.

गाठभेटींत सापांचा वाटा मोठा असून पावसाळ्यात तो वाढतो. विषारी जातींपैकी नाग, घोणस व मण्यार नेहमीच्या. फुरसे तुलनेने विरळ. येऊरच्या झाडीत चापडा हा विषारी सापही आढळतो. मण्यार व बिनविषारी कवड्या यांची गल्लत फार होते. मण्यारीचे पांढरे पट्टे मानेमागे काही अंतर सोडून सुरू होतात व शेपटीकडे ठळक होतात. कवड्याचे मानेपासूनच ठळक असून शेपटीकडे पुसट होतात. पिलांत व कात टाकण्याच्या वेळी हा फरक दगा देतो, म्हणून त्यावर विसंबून साप हाताळू नये.

घरात साप दिसल्यास सु. २ मी. अंतरावरून त्याच्यावर नजर ठेवावी, इतर दारे लावून फटींत ओले पोते सारावे व सर्पमित्रास बोलवावे. जाणकार सर्पमित्र मान दाबून धरत नाहीत. कापडी पिशवीचे तोंड पाइपावर बांधून पाइप भिंतीलगत ठेवतात. अंधार शोधणारा साप आकडीदार काठीच्या हलक्या ढोसणीने आपणच आत शिरतो. तो जवळच्याच अधिवासात सोडावा. दूर सोडलेले साप पुष्कळदा जगत नाहीत. फिनेल किंवा चुन्याने साप येणे थांबत नाही. सांडपाण्याच्या तोंडावर ६ मिमी. जाळी बसवणे व ओला कचरा झाकून उंदीर कमी करणे, हाच खरा उपाय.

दंश झाल्यास अवयव न हलवता रुग्णालय गाठावे. आवळपट्टी, चिरा, चोखणे हे सर्व घातक. मण्यारीचा दंश जमिनीवर झोपलेल्यांना रात्री होतो, फारसा दुखत नाही. पहाटे पोटदुखी सुरू होते आणि पापण्या जड होतात. घोणशीच्या दंशात २ मिली. रक्त कोरड्या काचनळीत २० मिनिटे न हलवता ठेवून ते गोठते का पाहतात. नळी प्लॅस्टिकची असेल किंवा साबणाने धुतलेली असेल, तर निष्कर्ष चुकतो. प्रतिविषाच्या सुरुवातीला ८ ते १० कुप्या देतात, मुलांनाही तेवढ्याच. हे प्रतिविष नाग, घोणस, मण्यार व फुरसे या चार जातींवरच चालते, चापड्यावर नाही.

सोनेरी कोल्हा ठाणे खाडीच्या कांदळवनात, तसेच वाशी, बेलापूर, खारघर येथे आढळतो. खेकडे, उंदीर, पक्षी व कचऱ्यावर तो जगतो. २०२४ मध्ये मुंबईत चेंबूर भागातील मृत कोल्ह्यात रेबीज आढळला. चावा वा ओरखडा १५ मिनिटे साबण व वाहत्या पाण्याने धुऊन लस घ्यावी. दंडातील लसीचे दिवस ०, ३, ७, १४ व २८ असे. खोल जखमेभोवती इम्युनोग्लोब्युलिनही (तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शन) लागते.

माकडांत स्थानिक टोपी माकड व उत्तर भारतीय ऱ्हीसस दोन्ही दिसतात. ऱ्हीसस माणसांनी आणून सोडलेली असावीत. येऊरच्या फाटकाशी त्यांना खाऊ घालणे बंद न झाल्याने त्यांचे कळप जवळच्या सज्जांपर्यंत पोचतात.