आकडा ९८००, वजन २७ ग्रॅम

पुण्यात बुधवार पेठेत तपकीर गल्ली आहे. नाव तपकिरीचं, पण आज तिथं मिळतात वायरी, एलईडी, चार्जर आणि सेल. टॉर्चसाठी सेल घ्यायला मी तिथं गेलो होतो. दुकानदारानं काउंटरवर दोन ठेवले. एक साधा हिरवा, त्यावर बारीक अक्षरांत ३००० एमएएच (मिलिअँपिअर-तास, सेलमध्ये मावणाऱ्या विजेचं माप). दुसरा लाल-सोनेरी, त्यावर ठसठशीत ९८००, आणि किंमत पहिल्याच्या निम्मीसुद्धा नाही. ‘‘हा न्या, तिप्पट चालतो,’’ तो म्हणाला. मी दोन्ही घेतले. एक वापरायला, एक नुसती खोड म्हणून.

घरी केकचा मैदा मोजायच्या काट्यावर ठेवले. हिरवा ४७ ग्रॅम. सोनेरी २७.

खरं तर इथंच निकाल लागला. या सेलला दुकानात ‘एटीन सिक्स फिफ्टी’ म्हणतात. १८ मिलिमीटर व्यास, ६५ मिलिमीटर लांबी, आणि शेवटचं शून्य गोल नळकांड्याचं. सोनीनं १९९१ मध्ये लिथियम-आयन बॅटरी पहिल्यांदा बाजारात आणली. पुढं हा आकार लॅपटॉपमध्ये, ड्रिल मशीनमध्ये, टेस्लाच्या पहिल्या मोटारीत, सगळीकडे शिरला. इतक्या वर्षांच्या संशोधनानंतरही या डबीत ३५०० एमएएच भरले तरी उत्तम, फार तर ४००० म्हणा. ९८०० मावणं म्हणजे किलोभराच्या डब्यात अडीच किलो साखर भरण्यासारखं. शिवाय सेलच्या आतला माल जड असतो: तांबं, ग्राफाइट, निकेल-कोबाल्टची ऑक्साइडं. अस्सल सेल ४५ ते ५० ग्रॅम भरतो. वीस ग्रॅम कमी भरला, म्हणजे आत मालच कमी आहे. असे सेल फोडले तेव्हा आत एक चिमुकला सेल आणि उरलेल्या जागेत पांढरी पूड निघाल्याचं जगभरच्या हौशी लोकांनी दाखवलंय. (घरी फोडू नका. मीही फोडला नाही.) चार्जरवर मोजून पाहिलं तर सोनेरी सेलमधून निघाले जेमतेम ८५०.

पण माझा मुद्दा फसवणुकीचा नाही, कारण हिरव्या सेलवरचा ३००० हा आकडा खरा असला तरी सुरक्षिततेबद्दल तो काहीच सांगत नाही. एमएएच म्हणजे सेलमध्ये किती वीज आहे. सेल एका दमात किती देऊ शकतो, हा वेगळा प्रश्न, आणि त्याचं उत्तर अँपिअरमध्ये असतं. टॉर्चवाल्याला हा प्रश्न क्वचित पडतो. तो पडला व्हेपवाल्यांना, आणि त्यांनी तो भाजून घेऊन सोडवला.

व्हेप किंवा ई-सिगारेट म्हणजे बॅटरीवर तापणारी तारेची कॉइल आणि तिच्यामुळे वाफ होणारं निकोटिनचं द्रव. भारतात २०१९ पासून तिच्या उत्पादन, आयात, विक्री, साठवण, जाहिरात सगळ्यावर बंदी आहे, आणि निकोटिनच्या बाजूनं बोलायचा माझा विचार नाही. पण अमेरिका-ब्रिटनमध्ये हौशी मंडळींनी पेनाएवढी यंत्रं सोडून सुटे १८६५० सेल घालायच्या नळ्या बनवल्या, जाड कॉइल लावल्या आणि सेलला कामाला जुंपलं. छोटा रिचार्जेबल पंखा एखादा अँपिअर घेतो, भक्कम टॉर्च तीनेक. ही यंत्रं वीस-वीस मागतात. तेव्हा कळलं की दिसायला जुळे असलेले दोन सेल स्वभावानं अगदी परके असू शकतात. पॅनासॉनिकचा ३४०० एमएएचचा एनसीआर१८६५०बी सलग साधारण ५ अँपिअर देण्यासाठी बनवलेला. सोनीचा व्हीटीसी५ए फक्त २६०० एमएएचचा, पण देतो २५.

असं का? सेलच्या आत सुरळीची वडी असते. तांब्याचा आणि अॅल्युमिनियमचा कागदासारखा पातळ पत्रा, दोन्हींवर रसायनाचा लेप, मध्ये प्लॅस्टिकचा सच्छिद्र पडदा, आणि सगळ्याची घट्ट गुंडाळी. लेप जाड दिला तर लिथियमचे आयन जास्त मावतात. पण मग त्यांची अवस्था गर्दीच्या वेळच्या लोकलसारखी होते. डबा खच्चून भरलाय, दादर आलंय, गाडी वीस सेकंद थांबणार, आणि तुम्ही खिडकीशी अडकलेले. बाहेर पडायला वेळ लागतो, धक्काबुक्की होते. लेप पातळ ठेवून पत्रा लांब घेतला तर प्रवासी कमी मावतात, पण सगळे दाराशीच उभे. म्हणून एकाच मापाच्या डबीत जास्त एमएएच आणि जास्त अँपिअर असं दोन्ही एकदम मिळत नाही. मिळतं असं जो छापतो, त्याच्या दोन्ही आकड्यांवर माझा विश्वास नाही.

धक्काबुक्की हा शब्द मी उगाच वापरला नाही. तिचंच नाव अंतर्गत रोध, आणि तिची होते उष्णता. दमदार सेलचा रोध २० मिलिओहमच्या आसपास असतो. त्यातून २० अँपिअर ओढले तर सेलच्या पोटात ८ वॅट उष्णता तयार होते. तेच ५० मिलिओहमच्या सेलमधून ओढले तर २० वॅट. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याकडची सोल्डरिंग आयर्न साधारण २५ वॅटची असते. तीच बोटाएवढ्या बंद डबीत घातली असं समजा.

किती ओढले जाणार, हे शाळेतल्या ओहमच्या नियमानं काढता येतं. पूर्ण भरलेला सेल ४.२ व्होल्टचा. कॉइल अर्ध्या ओहमची असेल तर ८.४ अँपिअर. ०.२ ओहमची असेल तर थेट २१. ज्या यंत्रांत मध्ये कोणतंही सर्किट नसतं, नुसती नळी आणि बटण, तिथं एवढाच हिशेब आणि तोच शेवटचा आधार. चिप असलेल्या यंत्रात मात्र एक गंमत आहे, आणि इथं भले भले चुकतात. ते यंत्र कॉइलला ठरलेले वॅट देतं, समजा ६०. सेल भरलेला असताना, चिपमधली दहा टक्के गळती धरून, साधारण १६ अँपिअर पुरतात. सेल उतरून ३.२ व्होल्टवर आला की तेवढ्याच ६० वॅटसाठी २१ लागतात. म्हणजे सेल जितका थकलेला, तितकं जास्त ओझं. बैलाच्या बाबतीत असं कुणी केलं तर गावात नाव निघेल. सेल निवडायचा तो या शेवटच्या, थकलेल्या क्षणाचा हिशेब करून. आणि हे ओझं त्याच्या सलग क्षमतेच्या आत, थोडं अंतर ठेवून बसलं पाहिजे. वेष्टनावर ‘पल्स’ किंवा ‘मॅक्स’ म्हणून जो मोठा आकडा असतो, तो काही सेकंदांच्या उसळीचा. तो सोडून द्यावा.

हिशेब चुकला तर काय होतं? तापमान शंभराच्या आसपास गेलं की ग्राफाइटवरचा संरक्षक पापुद्रा तुटू लागतो, आणि त्या तुटण्यातूनही उष्णता निघते. १३०च्या सुमाराला मधला प्लॅस्टिकचा पडदा वितळायला लागतो. पडदा गेला की आतल्या आत शॉर्ट. २००च्या वर धन बाजूचं ऑक्साइड स्वतःच ऑक्सिजन सोडतं, आणि आतलं द्रव तर ज्वलनशीलच. इथून पुढं ते कुणाच्या हातात राहत नाही. ३००० एमएएचच्या सेलमध्ये सुमारे ३९ किलोज्यूल वीज असते, म्हणजे एका कटिंग चहाचं पाणी उकळेल एवढी. ऐकायला किरकोळ. पण चहाला काही मिनिटं लागतात, सेल ती काही सेकंदांत सोडतो, वर जळणाऱ्या रसायनांची उष्णता वेगळी. सेलच्या धन टोकाशी वायू बाहेर पडायला झडप असते. पण सेल जिच्यात बसवलाय त्या नळीला वाट ठेवली नसेल, तर सुतळी बॉम्बमध्ये जे सुतळी करते तेच धातूची नळी करते.

अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनानं २००९ ते २०१६ या काळातले ई-सिगारेटच्या आगी-स्फोटांचे १९५ प्रसंग गोळा केले. १३३ जणांना इजा झाली होती. त्या १९५पैकी १२१ प्रसंग यंत्र किंवा सेल खिशात असताना, नाहीतर यंत्र वापरात असताना घडलेले.

वापरात, हे समजतं. खिशात का? हिरवा सेल हातात घेऊन पाहा. धन टोक म्हणजे वरची छोटी टोपी, आणि ऋण टोक म्हणजे खालचा तळ, असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात अख्खी पोलादी डबीच ऋण असते, अगदी वरच्या काठापर्यंत. टोपी आणि तो काठ यांत अंतर नखाच्या जाडीएवढं. मध्ये वीज अडवणारं एक पातळ कडं आणि वरून प्लॅस्टिकचं रॅप. माझ्या जुन्या टॉर्चमधल्या सेलचं रॅप याच काठावर तिळाएवढं फाटलं होतं आणि खालून चकचकीत पोलाद दिसत होतं. तिथं किल्ली आडवी पडली की झालं. किल्ल्या, चिल्लर आणि सुटा सेल एका खिशात, ही खरी भानगड. अस्सल सेललाही त्यातून सूट नाही. उलट तो दमदार, म्हणून जास्त जोरात. सुट्या सेलला प्लॅस्टिकची डबी हवीच. फाटलेलं रॅप बदलता येतं, त्याची स्लीव्ह याच गल्लीत मिळते, आणि ते कडं मात्र काढून फेकायचं नाही.

दोन सेलच्या यंत्रांसाठी व्हेपवाले सेलचं ‘लग्न’ लावतात, म्हणजे जोडी ठरवतात: एकाच बनावटीचे, एकाच दिवशी घेतलेले, कायम एकत्र चार्ज होणारे. हसू येतं, पण कारण भक्कम आहे. ओळीनं जोडलेल्या दोघांत एक दुबळा असेल तर तो आधी रिकामा होतो आणि दुसरा त्याला उलट्या दिशेनं ढकलत राहतो. जुन्या लॅपटॉपच्या पॅकमधून काढलेले सेल म्हणूनच मला नको वाटतात. त्यांचं आधीचं आयुष्य कुणालाच माहीत नसतं. पार मेलेला सेल ‘उठवायचा’ उद्योगही तसाच. व्होल्टेज फार खाली गेलं की आतलं तांबं विरघळतं आणि पुन्हा चार्ज करताना नको तिथं साचून शॉर्टची तयारी करतं.

बाजारातले बरेच रंगीबेरंगी ब्रँड सेल बनवतच नाहीत. बड्या कारखान्यांचे सेल घेऊन, कधी नाकारलेले, स्वतःचं रॅप चढवतात आणि त्यावर हवे ते अँपिअर छापतात. आणि ज्या बड्या कंपन्या खरोखर बनवतात, त्यांचं म्हणणं तर याहून कडक आहे: हे सेल संरक्षक सर्किटसह पॅकमध्ये बसवण्यासाठी आहेत, सुटे वापरायला नाहीत, आणि ई-सिगारेटसाठी तर नाहीतच. अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगानंही २०२१ मध्ये सुट्या १८६५० सेलविरुद्ध इशारा दिला. त्यामुळं न्यू जर्सीतल्या भाच्यानं ‘व्हेपसाठी सुरक्षित सेल कुठला’ असं विचारलं, तेव्हा मी त्याला कंपनीचं उत्तर आधी सांगितलं, की कुठलाच नाही. अँपिअरचा हिशेब त्यानंतर. त्याला पहिलं उत्तर आवडलं नाही.

आपल्या टॉर्चला, पंख्याला हा व्याप लागत नाही. तिथं तळाशी चकतीएवढं सर्किट लावलेला ‘प्रोटेक्टेड’ सेल चालतो. तो साध्या सेलपेक्षा चार-पाच मिलिमीटर जास्त लांब असतो, म्हणून आधी टॉर्चमध्ये घालून बघावा. भारतात लिथियम सेलला आयएस १६०४६ या मानकाखाली नोंदणी सक्तीची आहे. सेलवर नाहीतर खोक्यावर ‘आर’ आणि पुढं आठ आकडी क्रमांक असतो. तो क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या अॅपवर टाकला की नोंदणी कुणाच्या नावावर आहे ते दिसतं. सोनेरी सेलवर असं काहीच नव्हतं. होतं ते फक्त ९८००.

त्याच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून प्लॅस्टिकच्या डबीत ठेवलाय. महिनाअखेरीला सोसायटीत ई-कचरा न्यायला येतात. लेकीनं डबीवर मार्करनं लिहून ठेवलंय, ‘८५०’.