पेटीलाही श्वास लागतो

शेतावरच्या डीपीला (वीज वाटपाच्या ट्रान्सफॉर्मरला) व्होल्टेज टिकत नाही, पंपाच्या मोटारी जळतात, अशी तक्रार आली की एकदा मीटर लावून भागत नाही. विजेचा दर्जा मोजून नोंदवणारा पॉवर क्वालिटी अ‍ॅनालायझर तिथेच आठवडाभर ठेवावा लागतो. दर 10 मिनिटांची सरासरी धरली तरी 7 दिवसांत 1008 नोंदी होतात. कोकणातल्या जुलैत हे महागडं यंत्र उघड्यावर सांभाळते ती त्याची पेटी.

अशा पेट्यांवर बहुधा ‘आयपी 67’ लिहिलेलं असतं. आयपी म्हणजे धूळ आणि पाणी अडवण्याचा दर्जा. 6 म्हणजे धूळ अजिबात आत जात नाही. 7 म्हणजे 1 मीटर पाण्यात 30 मिनिटं बुडवूनही यंत्राला अपाय होईल इतकं पाणी शिरत नाही. मात्र या चाचणीत पेटी आणि पाणी यांच्या तापमानात 5 अंशांहून जास्त फरक नसतो. बांधावर नेमका तोच फरक पडतो.

उन्हात पेटीतली हवा 50 अंशांपर्यंत तापली, आणि सर आल्यावर 25 अंशांवर उतरली असं समजा. पेटी घट्ट बंद असेल तर आतला दाब सुमारे 8 टक्क्यांनी घटतो. 40 बाय 30 सेंटिमीटरच्या झाकणावर बाहेरची हवा मग 90 किलोंहून जास्त भार टाकते. झाकण हाताने उघडत नाही, ते यामुळे. त्याहून वाईट म्हणजे झाकणाच्या कडेच्या रबरी गॅस्केटवर साचलेलं पाणी आत ओढलं जातं. जाड प्लास्टिक आणि भक्कम कड्या इथे कामाला येत नाहीत.

उपाय म्हणजे पेटीला श्वास घेऊ देणं. चांगल्या पेटीच्या बाजूला बोटाच्या पेराएवढा एक व्हॉल्व्ह असतो. त्यात ताणलेल्या टेफ्लॉनचा पातळ पडदा बसवलेला असतो. त्याची छिद्रं इतकी बारीक, की हवा ये-जा करते पण पाण्याचा थेंब पृष्ठताणामुळे अडतो. मला तर सगळ्या पेटीत हाच भाग सर्वांत हुशारीचा वाटतो.

वाफ मात्र या पडद्यातून जाते. शिवाय दमट हवेत झाकण लावलं की ती आत कोंडलेली असतेच. 30 अंशांना 90 टक्के आर्द्रतेची 20 लिटर हवा 20 अंशांवर आली, तर जेमतेम चार थेंब पाणी सुटतं. पण ते सर्किट बोर्डवर जमलं तर पुरेसं आहे. म्हणून आत ओल शोषणाऱ्या सिलिका जेलची पुडी हवीच, आणि ती वेळोवेळी बदलायलाही हवी.

खरी कसोटी वायरींची. मोजणीसाठी तारेभोवती अडकवायचे क्लॅम्प डीपीत, यंत्र पेटीत. म्हणजे पेटीला भोकं आली. भोक पाडलं की मूळचा आयपी दर्जा गृहीत धरता येत नाही. प्रत्येक वायरला तिच्या जाडीचा केबल ग्लँड (वायरीभोवती घट्ट बसणारं बूच) बसवायचा, तोही पेटीच्या खालच्या अंगाला. वायर आधी ग्लँडच्या खाली झुकवून मग वर घ्यायची, म्हणजे तिच्यावरून ओघळणारं पाणी त्या वळणावरच गळून पडतं. आणि झाकण लावण्याआधी गॅस्केटवरून कोरडं फडकं फिरवायचं, कारण तिथे अडकलेला वाळूचा एक कणसुद्धा पाण्याला वाट करून देतो.