कलावंत कारखाना, बडोदे

कलावंत कारखाना : बडोदे संस्थानच्या खानगी खात्यातला (राजवाड्याचा घरकारभार पाहणाऱ्या खात्यातला), गायक, वादक आणि नर्तक यांचा कारभार पाहणारा विभाग. त्याला कलावंत खाते असेही म्हणत. कुणाला पदरी ठेवायचे, कोणत्या प्रतीत (म्हणजे दर्जात), किती पगारावर, कोणत्या दिवशी कुणी गायचे, रजा किती आणि गैरहजेरीला दंड किती, हे सारे या विभागात ठरे. नाटक-सिनेमाच्या धंद्यात आज ज्याला एजंट, सेक्रेटरी किंवा मॅनेजर म्हणतात, त्याच्या हाती दोन गोष्टी असतात : कलावंताची किंमत आणि कलावंताची तारीख. बडोद्यात या दोन्ही गोष्टी दीर्घकाळ एका सरकारी कचेरीच्या हाती होत्या. कचेरी दलाली घेत नव्हती, हा मोठा फरक. पण तिने ठरवलेली प्रत आणि तिने दिलेला वार यांवर अनेक घराण्यांची चूल पेटत होती, आणि म्हणून हिंदुस्थानी संगीताच्या इतिहासात या कचेरीला केवळ ‘राजाश्रय’ म्हणून बाजूला सारता येत नाही.

नाव आणि पूर्वपीठिका

इथे कारखाना म्हणजे गिरणी नव्हे. अठरा कारखाने आणि बारा महाल ही मराठी राज्यकारभारातली जुनी विभागणी. पीलखान्यात हत्ती, मुदपाकखान्यात स्वयंपाक, फरासखान्यात तंबू आणि बिछायती, नगारखान्यात चौघडा. गायकवाडांच्या घरकारभारात कलावंतांचा विभाग याच परंपरेतून आला. हत्तीचा चारा आणि गवयाचा पगार एकाच घराच्या हिशेबात लागे, हे आज वाचताना खटकते. त्या काळच्या गवयाच्या दृष्टीने पाहिले तर त्याचा अर्थ निराळा होता : चारा जसा चुकत नाही तसा पगारही चुकणार नाही.

खंडेराव महाराज (कारकीर्द १८५६ ते १८७०) आणि मल्हारराव (१८७० ते १८७५) यांच्या काळात दरबारी कलावंताचे भाग्य राजाच्या मर्जीवर चाले. मर्जी बसली तर शिरपाव, मोत्यांची कंठी, पालखी. मर्जी फिरली तर दुसऱ्याच दिवशी बोचके बांधायचे. १८७५ मध्ये ब्रिटिशांनी मल्हाररावांना पदच्युत केले आणि नाशिककडच्या कवळाणे गावातून आणलेला मुलगा सयाजीराव तिसरे म्हणून दत्तक गादीवर बसला. दिवाण टी. माधवराव यांनी राज्याचा विस्कटलेला हिशेब मार्गी लावला आणि १८८१ मध्ये सयाजीरावांना पूर्ण अधिकार मिळाले. सयाजीराव खंडेरावांसारखे शौकीन नव्हते. त्यांचा जीव शाळांत, ग्रंथालयांत आणि कारभाराच्या शिस्तीत होता. सक्तीचे प्राथमिक शिक्षण १८९३ मध्ये अमरेली भागात आणि १९०६ मध्ये सबंध राज्यात लागू करणारा हा राजा. गाणे-बजावणेही त्यांनी त्याच शिस्तीत बसवले. एकोणिसावे शतक संपता संपता कलावंत खात्याचे नियम लेखी झाले. मर्जीच्या जागी नियम आले, आणि बडोद्याच्या गाण्याला खरे वळण मिळाले ते इथे.

कामाची रीत

कारखान्यात अनेक प्रकारचे कलावंत होते : ख्याल गाणारे, बीनकार, पखवाजी, सारंगिये, तबलजी, सनईवाले आणि तंजावरच्या नर्तकी. या नर्तकींचे येणे हाच एक प्रसंग आहे. १८८० मध्ये सयाजीरावांचे लग्न तंजावरच्या मराठा राजघराण्यातल्या लक्ष्मीबाईंशी झाले. बडोद्यात त्या पहिल्या चिमणाबाई. त्यांच्याबरोबर आंदण म्हणून दक्षिणी नाचाचा ताफा आला. गौराबाई आणि कांतिमती या त्यातल्या प्रसिद्ध नर्तकी. चिमणाबाई १८८५ मध्ये गेल्या, ताफा मात्र राहिला, कारण तो आता खात्याच्या पटावर होता. राणीच्या माहेरची माणसे म्हणून आलेल्या या कलावंतांची पुढची पिढीही बडोद्यातच नांदली. कांतिमतींचे चिरंजीव कुबेरनाथ तंजोरकर यांनी स्वातंत्र्यानंतर इथल्या संगीत महाविद्यालयात भरतनाट्यम शिकवले. आश्रय व्यक्तीकडून खात्याकडे गेला की काय घडते, ते इतके स्वच्छ क्वचितच दिसते.

प्रतवारी हा कारखान्याचा कणा. आज एखाद्या नटाची ‘नाइट’, म्हणजे एका प्रयोगाचे पैसे, जशी त्याची बाजारातली जागा सांगते, तशी कारखान्यातली प्रत गवयाची जागा सांगे. फरक असा, की नाइट प्रत्येक नव्या नाटकाला नव्याने बोलता येते. प्रत एकदा लागली की ती पुसणे अवघड. उत्तरेतून आलेला एखादा उस्ताद पहिल्या बैठकीत आवाज बसलेला म्हणून खालच्या वर्गात गेला, तर पुढे तो कितीही चांगला गायला तरी वरच्या वर्गात जागा रिकामी व्हावी लागे. मला या व्यवस्थेतला हाच दोष सर्वांत मोठा वाटतो. गाणे वाढते, बदलते, कधी मावळते, आणि पटावरचा आकडा तिथेच बसलेला असतो.

दुसरा पेच मालकीचा. घराण्याची चीज, म्हणजे बंदिश, ही गवयाची ठेव. ती मुलाला द्यायची, जावयाला द्यायची, गंडा बांधलेल्या शागिर्दाला पुष्कळ वर्षांनी द्यायची. कारखान्याला मात्र चिजा लिहून हव्या होत्या, शिकवता येतील अशा हव्या होत्या. पगार घेणाऱ्याने आपली ठेव सरकारजमा करावी का, या प्रश्नावर बरेच उस्ताद मनातून कधीच राजी झाले नाहीत.

या पेचावर उत्तर काढले ते मौलाबक्ष (१८३३ ते १८९६) यांनी. ते मैसूरला जाऊन कर्नाटक संगीत शिकून आलेले, दोन्ही पद्धतींत मुरलेले गायक-वादक. फेब्रुवारी १८८६ मध्ये बडोद्यात गायनशाळा निघाली ती त्यांच्या हातून. त्यांनी स्वतःची स्वरलिपी बसवली आणि सामान्य घरांतल्या मुलांना वर्गात बसवून गाणे शिकवले. म्हणजे दरबारात कारखाना आणि गावात शाळा अशी दोन दारे झाली. एका दाराने उस्ताद आत येत होता आणि दुसऱ्या दाराने श्रोता तयार होऊन बाहेर पडत होता. पुढे तिकीट काढून मैफलीला बसणारा मध्यमवर्ग उभा राहिला, त्याची एक मुळी या शाळेत आहे.

बाहेर पडलेले

कारखान्याची ताकद कळते ती त्यातून निघून गेलेल्यांवरून. अब्दुल करीमखाँ तरुण वयात भावाबरोबर बडोद्याच्या दरबारात आले. सरदार माने यांच्या घरातली ताराबाई त्यांच्याकडे गाणे शिकत होती. १८९८ च्या सुमारास दोघे बडोदे सोडून गेले. सरदारांच्या मुलीला घेऊन गेलेल्या मुसलमान गवयाला या शहरात पुन्हा जागा मिळणे शक्यच नव्हते. पगार गेला, प्रत गेली, सणावाराचा वार गेला. पुढे खाँसाहेब मिरजेला राहिले, पुण्यात १९१३ मध्ये त्यांनी आर्य संगीत विद्यालय काढले, मुलुखभर जलसे केले. जलसा ठरवणे, हॉल घेणे, तिकिटे खपवणे, साथीदारांचे पैसे चुकवणे ही सारी कामे आता त्यांच्या अंगावर होती. स्वतःचा एजंट स्वतःच व्हायचे, ते हेच. त्यांच्या आणि ताराबाईंच्या मुलीने, हिराबाईंनी, आडनाव लावले ते मात्र ‘बडोदेकर’. ज्या गावाने आईबापांना ठेवून घेतले नसते, त्या गावाचे नाव तिने महाराष्ट्रभर नेले. तिकीट लावून जाहीर मैफल करणाऱ्या अगदी पहिल्या स्त्री गायिकांत हिराबाईंची गणना होते.

विष्णु दिगंबर पलुसकरांची वाट वेगळी. मिरजेचा आश्रय सोडून ते १८९६ मध्ये निघाले तेव्हा बडोदे हा त्यांचा सुरुवातीचा मुक्काम होता. दरबारी नोकरी त्यांना नको होती. बडोद्याहून ते सौराष्ट्रात गेले आणि तिथे त्यांनी तिकीट लावून गाणे केले. तिकीट काढणारा कुणीही पुढे बसू शकतो, ही त्या काळी धक्का देणारी गोष्ट होती. राजाने ऐकायचे आणि बाकीच्यांनी त्याच्या मागे बसायचे, हा क्रम त्या तिकिटाने मोडला. मौलाबक्षांचे नातू इनायतखाँ (जन्म बडोदे, १८८२) तर १९१० मध्ये थेट अमेरिकेला गेले. कारखान्याच्या अंगणात वाढलेल्या मुलाने समुद्र ओलांडून परक्या रंगमंचावर वीणा वाजवली.

फैयाजखाँ आणि उत्तरकाळ

कारखान्यात राहूनही देशभर गाजलेले नाव आग्रा घराण्याच्या फैयाजखाँचे. १९१२ च्या सुमारास ते दरबारी गायक म्हणून आले आणि १९५० मध्ये बडोद्यातच त्यांचा अंत झाला. त्यांची कबरही इथेच आहे. दरबारची नोकरी सांभाळून ते परिषदांतून गायले, रेडिओवर गायले, त्यांच्या तबकड्या निघाल्या. महिन्याचा पगार बडोद्याचा आणि कीर्ती सबंध हिंदुस्थानची, असा जमाखर्च फार थोड्यांना साधला. ज्याला उद्याच्या जेवणाची चिंता नाही तो नोम-तोमला, म्हणजे ख्यालाआधीच्या संथ आलापीला, हवा तितका वेळ देऊ शकतो. फैयाजखाँच्या आलापीचा ऐसपैसपणा ऐकताना या पगाराची आठवण होते. भातखंड्यांनी पहिली अखिल भारतीय संगीत परिषद १९१६ मध्ये बडोद्यालाच भरवली, आणि त्यांचे शिष्य श्रीकृष्ण नारायण रातंजनकर पुढे संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन फैयाजखाँकडे शिकायला येऊन राहिले.

नाटक मंडळ्यांशी बडोद्याचे नाते कारखान्याच्या पटाबाहेरचे. किर्लोस्कर मंडळीत नाव काढलेले भास्करबुवा बखले बडोदे संस्थानातल्या कठोर गावचे. गंधर्व नाटक मंडळीला सयाजीरावांचा आश्रय होता. पण नाटक मंडळी हा चालता धंदा होता. मालक, भागीदार, व्यवस्थापक आणि गावोगावचे कंत्राटदार यांच्या जोरावर तो चाले. कंत्राटदार ठरावीक रक्कम मोजून प्रयोग विकत घेई आणि गल्ल्यातला नफा-तोटा स्वतःच्या डोक्यावर घेई. राजा मदत करू शके, तारीख मात्र कंत्राटदाराच्या वहीत पडे. बडोद्याच्या रसिकाने या दोन्ही पद्धती एकाच पिढीत पाहिल्या : वाड्यावर नेमून दिलेला वार आणि थिएटरात लागलेली पाटी.

अमेरिकेतल्या घडामोडींशी ताडून पाहिले तर हा प्रश्न किती सार्वत्रिक आहे ते कळते. न्यूयॉर्कमध्ये विल्यम मॉरिस यांनी १८९८ मध्ये नटांची कामे ठरवून देण्याची कचेरी थाटली. हॉलिवूडच्या स्टुडिओंनी मात्र नट-नट्यांना सात सात वर्षांच्या करारावर, ठरल्या पगारावर बांधून ठेवले. ही रीत बडोद्याच्या कारखान्याच्या जवळची. ती सैल केली एजंटांनी. एमसीए या नटांचे व्यवहार पाहणाऱ्या एजन्सीच्या ल्यू वासरमन यांनी १९५० च्या एका चित्रपटासाठी जेम्स स्टुअर्ट यांना पगाराऐवजी नफ्यात वाटा मिळवून दिला आणि त्यानंतर मोठ्या नटांचे व्यवहारच बदलले. त्या माणसाचा दबदबा इतका वाढला, की एमसीए स्वतःच स्टुडिओची मालक होऊ लागली तेव्हा, १९६२ मध्ये, सरकारच्या दडपणाखाली तिला एजन्सीचे काम सोडावे लागले. पगारावरून वाट्यावर, ही उडी बडोद्याच्या गवयाला कुणी मारून दिली नाही. त्याच्या बाजूने बोलणारा तिसरा माणूस त्या व्यवस्थेत नव्हताच. कचेरीच मालक आणि कचेरीच मध्यस्थ.

विलीनीकरणानंतर

१ मे १९४९ रोजी बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. खानगी खात्याचा पसारा आटोपला आणि त्याबरोबर कलावंतांचा पटही संपला. मौलाबक्षांच्या शाळेतून वाढलेले संगीत महाविद्यालय महाराजा सयाजीराव विद्यापीठात गेले आणि सूरसागर तळ्यासमोरच्या जुन्या वास्तूत आजही भरते. संध्याकाळी तिथून जाताना एका खिडकीतून तबल्याचा कायदा आणि दुसरीतून घुंगरांचा ठेका एकदम कानावर येतो, खाली रस्त्यावर रिक्षांचे हॉर्न.

संस्थानचे रेडिओ केंद्र आकाशवाणीकडे गेले. तिथे प्रतवारी पुन्हा भेटते. बाळकृष्ण केसकर नभोवाणीमंत्री असताना १९५२ पासून कलावंतांच्या ध्वनिचाचण्या सुरू झाल्या आणि प्रत्येकाला श्रेणी मिळू लागली. त्या चाचण्यांची धुरा होती रातंजनकरांकडे. बडोद्याच्या पगारदार उस्तादाजवळ बसून शिकलेला माणूस आता देशातल्या गवयांची प्रत ठरवत होता. उस्तादांनी त्याविरुद्ध मोठा गिल्ला केला. त्यांच्या रागात अपमानाचा भाग होता, तसा भीतीचाही होता. श्रेणीवर पैसे ठरणार हे त्यांना कारखान्याच्या अनुभवावरून नीट माहीत होते.

वडोदऱ्यातल्या मराठी रंगभूमीचा व्यवहार आज सगळा कंत्राटावर आहे. मुंबईपासून रेल्वेने ३९२ किलोमीटर, म्हणजे एका रात्रीचा प्रवास. कंत्राटदार किंवा एखादे मराठी मंडळ मुंबईच्या व्यवस्थापकाला फोन करते, शनिवार-रविवार मागते. तारीख आधी पेन्सिलीने लिहिली जाते, आगाऊ रक्कम पोचली की शाईने. मधल्या दिवसांत एखाद्या नटाचे मालिकेचे चित्रीकरण लागले की पेन्सिलीची ओळ खोडली जाते आणि फोन पुन्हा पहिल्यापासून. सामानाचा टेम्पो सकाळी नगरगृहाच्या मागच्या दाराला लागतो, दुपारपर्यंत नेपथ्य उभे राहते, रात्री प्रयोग संपला की तासाभरात फ्लॅट, म्हणजे नेपथ्याच्या चौकटी, पुन्हा टेम्पोत चढतात. मंडळी त्याच रात्री सुरतेकडे किंवा मुंबईकडे निघालेली असते.