विमानाच्या अंगावरचा रंग

एप्रिल १९९६ मध्ये लंडनजवळच्या गॅटविक विमानतळावर एअर फ्रान्सचं एक काँकॉर्ड, म्हणजे ध्वनीहून वेगाने उडणारं प्रवासी विमान, चक्क निळ्या रंगात लोकांसमोर आलं. पेप्सीची जाहिरात होती ती. पंख मात्र पांढरेच ठेवले होते. शिवाय या विमानाला एक अट घातली होती: ध्वनीच्या दुप्पट वेगाने वीस मिनिटांहून जास्त उडायचं नाही.

रंग बदलला म्हणून वेगावर बंधन का यावं? त्या वेगात समोरची हवा दाबली जाऊन इतकी तापते की बाहेर उणे पन्नासच्या खाली थंडी असतानाही काँकॉर्डचं नाक सव्वाशे अंशांपुढे जायचं. अ‍ॅल्युमिनियमच्या सांगाड्याला सोसेल अशी ती जवळजवळ शेवटची मर्यादा. पांढरा रंग ऊन परतवतो आणि पत्र्याची उष्णताही बाहेर टाकतो. निळा ऊन शोषतो, म्हणजे आधीच्या तापात आणखी भर. पंखांत तर इंधन असतं, म्हणून तिथे निळ्याला मनाईच होती.

साधी प्रवासी विमानं एवढी तापत नाहीत, तरी बहुतेक पांढरीच दिसतात. पांढऱ्यावर बारीक तडा, तेलाचा ओघळ चटकन दिसतो. ऊन लागून रंग उडाला तरी फारसं जाणवत नाही. आणि भाड्याचं विमान दुसऱ्या कंपनीकडे जाताना नवं रूप देणं सोपं जातं. वजनाचाही हिशेब असतोच. जंबो जेटच्या अंगावर अडीचशे किलोच्या आसपास रंग बसतो. तेवढं वजन ते विमान प्रत्येक उड्डाणात वाहून नेतं.

अशा मर्यादेतही सुंदर काम होतं. १९७१ मध्ये एअर इंडियाचं पहिलं जंबो आलं, त्याच्या प्रत्येक खिडकीभोवती लाल झरोका रंगवलेला होता. माझ्या मते विमानावर इतकी आपली वाटणारी नक्षी पुन्हा झाली नाही. २०२३ च्या नव्या रूपातही खिडकीच्या त्या कमानीचाच धागा धरलेला आहे.

रंगवायचं म्हणजे आधी जुना थर रसायनाने उतरवायचा, पत्रा घासायचा, मग गंज रोखणारा प्रायमर आणि त्यावर पॉलियुरेथेनचा रंग. विमानाच्या नाकाआड रडार असतं, त्यामुळे तिथे धातूचे कण असलेला चमकदार रंग चालत नाही. रडरसारख्या (शेपटीवरचं सुकाणू) हलत्या भागांचा तोल रंगाच्या वजनानेही बिघडू शकतो. तो बिघडला तर वेगात तो भाग फडफडू लागण्याचा धोका, म्हणून रंगकामानंतर तोल तपासावा लागतो.

कार्बन फायबरच्या नव्या विमानांनी वेगळाच पेच आणला. वीज पडली तर ती पसरून जावी म्हणून रंगाखाली तांब्याची बारीक जाळी असते. थंडी-उन्हात धातू जितका आकसतो-फुगतो, तितका कार्बन फायबर हलत नाही. या ओढाताणीत वरचा रंग तडकतो. याच कारणावरून कतार एअरवेज आणि विमान बनवणारी एअरबस लंडनच्या न्यायालयात गेले. कतारची वीसहून अधिक ए-३५० विमानं जमिनीवर उभी राहिली आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये तडजोड झाली.

रंगवताना किंवा धुताना विमानाची नाजूक छिद्रं टेपने झाकतात. हवेचा दाब मोजणारी छिद्रं त्यांतलीच. उंची आणि वेग त्यांच्यावरूनच कळतात. २ ऑक्टोबर १९९६ च्या रात्री पेरू देशातल्या एरोपेरू कंपनीचं बोइंग ७५७ लिमाहून निघालं, तेव्हा सफाईसाठी लावलेली टेप त्या छिद्रांवर तशीच राहिली होती. खाली काळोखा समुद्र आणि कॉकपिटमधले उंचीचे आकडे खोटे. वैमानिकांनी नियंत्रण कक्षाला उंची विचारली. पण कक्षाच्या पडद्यावर दिसणारी उंचीही त्याच विमानाच्या यंत्राकडून येत होती. पडद्यावर ९,७०० फूट दिसत असताना विमानाचा पंख पाण्याला लागला. ७० जण गेले.