ऑनलाइन क्लासची लिंक : पाठवायची कशी, ठेवायची कुठे

आमच्याकडून ऑनलाइन वर्गाची जोडणी करून घेतलेल्या शिक्षकांसाठी आणि क्लासचालकांसाठी

कॅमेरा, माइक, वाय-फाय जोडून दिलं, चाचणी घेतली, की आमचं काम संपायला हवं. पण त्यानंतर दुकानात जे फोन येतात त्यातले बरेचसे लिंकचे असतात. मुलं सरांना विचारतात, "सर, लिंक उघडेना झालीय", "कालचीच का नवी?", "आत घेईना झालंय की". सर आम्हाला विचारतात. बघायला जावं तर नेट ठीक, मशीन ठीक. लिंक पाठवतानाच कुठंतरी गडबड झालेली असते. ती कुठं होते आणि कशी टाळायची, एवढ्यासाठी हा कागद.

आपल्या भागात ऑनलाइन बॅच आता कुणी हौसेनं चालवत नाही. पावसाळ्यात जांबोटी-कणकुंबीकडून रोज बेळगाव गाठणं मुलांना जमत नाही. खानापूर, निपाणीकडच्या एसएसएलसीच्या (कर्नाटक बोर्डाच्या दहावीच्या) मुलांना शहरातले सर हवे असतात, आणि चंदगडकडचीही काही मुलं इथल्याच क्लासला असतात. यातल्या पुष्कळ घरांत चांगला फोन एकच. वडील उद्यमबागेत शिफ्टला गेले की फोनही त्यांच्याबरोबर गेला. अशा घरी सातच्या वर्गाची लिंक पावणेसातला पोचून काय उपयोग? ती आदल्या रात्री, फोन घरात असताना पोचली पाहिजे. खरं तर ती रोज पोचवायची वेळच येऊ नये.

एका बॅचला एकच लिंक

आमचं पहिलं सांगणं हेच. रोज नवी लिंक म्हणजे रोज वर्गाची खोली बदलण्यासारखं आहे. मुलं शिकण्याऐवजी दार शोधत फिरतात.

झूममध्ये मीटिंग ठरवताना 'रिकरिंग' (पुन्हा पुन्हा होणारी) हा पर्याय निवडा. वेळ मागेपुढे होत असेल तर 'नो फिक्स्ड टाइम' ठेवा. एकदाच घ्यायच्या मीटिंगचा आयडी साधारण ३० दिवसांनी संपतो, रिकरिंगचा मात्र शेवटच्या वापरानंतर ३६५ दिवस टिकतो. जूनमध्ये केलेली लिंक परीक्षेपर्यंत आरामात चालते. गूगल मीटमध्ये 'इन्स्टंट मीटिंग' दाबलं की दर वेळी नवा कोड तयार होतो, आणि बरेच सर नेमकं तेच दाबतात. त्याऐवजी 'क्रिएट अ मीटिंग फॉर लेटर' घ्या, किंवा गूगल कॅलेंडरमध्ये वर्ग टाकून तो ठरलेल्या वारांना पुन्हा पुन्हा येईल असं करा.

झूमचा 'पर्सनल मीटिंग आयडी' वर्गासाठी वापरू नका. तो तुमच्या खात्याचा कायमचा नंबर. नववी, दहावी, पालकसभा सगळ्यांना तोच दिला, की दहावीच्या तासात नववीची मुलं शिरतात आणि पालकांशी बोलत असताना कुणाचा तरी भाऊ येऊन बसतो. प्रत्येक बॅचची रिकरिंग मीटिंग वेगळी करा.

काही शिक्षक विचारतात, कायमची लिंक धोक्याची नाही का? प्रश्न बरोबर आहे. १६ एप्रिल २०२० रोजी केंद्रीय गृहमंत्रालयाच्या सायबर समन्वय केंद्रानं झूमबद्दल सूचना काढल्या होत्या. त्यांत प्रत्येक मीटिंगला नवा आयडी आणि पासवर्ड, वेटिंग रूम (आत घेईपर्यंत बाहेर थांबायची जागा) चालू, होस्टच्या म्हणजे मीटिंग घेणाऱ्याच्या आधी कुणाला प्रवेश नाही, असं सांगितलं होतं. एकेकट्या बैठकांसाठी ते योग्यच. पण रोज त्याच चाळीस मुलांना शिकवताना नवा आयडी म्हणजे रोज नवा गोंधळ. म्हणून आमचं मत असं : लिंक कायम ठेवा आणि वेटिंग रूमबद्दल अजिबात ढिलाई करू नका. पालकसभा किंवा मोफत डेमो तासाची लिंक मात्र वेगळी आणि एका वेळेपुरती असावी.

ग्रुपमध्ये लिंकची जागा ठरवा

व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये टाकलेली लिंक तासाभरात "ओके सर", "गुड मॉर्निंग" आणि हात जोडलेल्या चिन्हांखाली गडप होते. मूल वर सरकवत जातं आणि गेल्या महिन्याची लिंक सापडली की तीच दाबतं.

यावर सोपा उपाय म्हणजे ग्रुपचं डिस्क्रिप्शन. तिथं बॅचचं नाव, वार, वेळ आणि लिंक लिहून ठेवा. मध्येच क्लासला आलेल्या मुलाला ग्रुपमधले जुने मेसेज दिसतीलच असं नाही, डिस्क्रिप्शन मात्र दिसतं. जोडीला लिंकचा मेसेज पिन करा. पिन जास्तीत जास्त ३० दिवस राहते, म्हणून दर महिन्याला ती पुन्हा लावावी लागते; फी मागायच्या दिवशीच हेही उरकून टाका. ग्रुप सेटिंगमध्ये मेसेज पाठवणं आणि ग्रुपची माहिती बदलणं फक्त ॲडमिनकडे ठेवा. मुलांच्या शंकांसाठी दुसरा ग्रुप काढलेला बरा.

ब्रॉडकास्ट लिस्टवर आमचा फारसा भरवसा नाही. ज्यांनी तुमचा नंबर फोनमध्ये सेव्ह केलेला नाही त्यांना तो मेसेज जातच नाही, आणि गेला नाही हे तुम्हाला कळतही नाही.

मेसेज लिहिताना

सगळ्यात जास्त लिंका कशानं मोडतात? मराठी प्रत्ययांनी. आपण सहज लिहितो, "सर्वांनी या लिंकवर यावे", आणि 'लिंक' शब्दाच्या जागी खरी लिंक चिकटवून तिला तसाच 'वर' जोडतो. व्हॉट्सॲपला लिंक कुठं संपली ते कळत नाही, ते 'वर'सुद्धा निळ्या अक्षरांत ओढून घेतं. मीटच्या कोडमध्ये तीन, चार आणि तीन अशी दहा अक्षरं असतात. त्याला शेपूट लागलं की मीटिंग सापडत नाही. झूमच्या लिंकमध्ये शेवटी पासवर्ड दडलेला असतो. तिथं 'ला' किंवा 'वर' चिकटलं तर पासवर्ड चुकतो, आणि मूल म्हणतं, सर, पासवर्ड मागतंय. लिंक अर्धवट कॉपी झाली तरी हाच प्रकार होतो.

म्हणून लिंक नेहमी स्वतंत्र ओळीवर, एकटी. मागे-पुढे अक्षर नको, पूर्णविराम नको, फुलाचं चिन्हही नको. मेसेज साधारण असा असावा :

दहावी गणित, संध्याकाळची बॅच
सोमवार, १५ जून
संध्याकाळी ७.०० ते ७.५०
आत येताना नाव असं टाका : रोल नंबर, मग स्वतःचं नाव
(लिंक इथं, एकटी)

यात 'उद्या' हा शब्द नाही, तो मुद्दाम टाळलाय. घाटाकडच्या गावांत रात्री रेंज गेली तर मेसेज सकाळी पोचतो, आणि 'उद्या संध्याकाळी' वाचून मूल आजचा तास चुकवतं. वार आणि तारीख दोन्ही लिहा. वेळ आकड्यात लिहा आणि आधी सकाळी की संध्याकाळी तेही सांगा; सुटीच्या दिवसांत दोन्ही वेळच्या बॅचा असतात तेव्हा याची फार गरज पडते.

बॅचमध्ये मराठी, कन्नड आणि उर्दू माध्यमाची मुलं एकत्र असतील तर वरच्या ओळी दोन भाषांत लिहा, पण मेसेज एकच ठेवा आणि लिंकही एकदाच. मराठीचा एक, कन्नडचा एक असे दोन मेसेज केले, की पुढं लिंक बदलताना एकात बदलते आणि दुसऱ्यात जुनी तशीच राहते. अर्धी मुलं रिकाम्या खोलीत तुमची वाट बघत बसतात.

लिंकचा फोटो किंवा रंगीत पोस्टर पाठवू नका. फोटोतली लिंक दाबता येत नाही, बघून टाइप करताना एखादं अक्षर चुकतंच. पोस्टर हवंच असेल तर त्याखाली लिंक मजकुरात द्या. क्यूआर कोड छापून वहीच्या पुठ्ठ्यावर चिकटवला तर चांगला चालतो. साध्या क्यूआरमध्ये फक्त लिंकच असते, त्यामुळे लिंक चालू आहे तोवर तोही चालू. लिंक छोटी करून देणाऱ्या साइट टाळा. लग्नपत्रिका किंवा वाहनाचं चलन म्हणून एपीके फाइल (फोनमध्ये ॲप बसवणारी फाइल) पाठवून लुबाडल्याच्या बातम्या पालकांनी वाचलेल्या असतात. ओळखीचं नाव नसलेली लिंक ते मुलांना उघडू देत नाहीत, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. मेसेज नेहमी एकाच नंबरवरून जाऊ द्या.

पाठवण्याआधी दुसऱ्या फोनवरून उघडा

तुमच्या फोनवर लिंक उघडली म्हणजे ती चालते असं समजू नका. तुम्ही होस्ट आहात, तुम्हाला ती आत घेणारच. घरातल्या दुसऱ्या माणसाचा फोन घ्या, वाय-फाय बंद करा, मोबाइल डेटावर लिंक दाबा. मुलांना जे दिसणार ते तेव्हाच दिसतं : ॲप टाका म्हणतंय का, पासवर्ड मागतंय का, की सरळ वेटिंग रूममध्ये नेतंय. लिंक ब्राउझरच्या वरच्या पट्टीतून उचलू नका; तिथं तुमच्या खात्याच्या खुणा जोडलेल्या असू शकतात. 'कॉपी इन्व्हाइट लिंक' किंवा 'कॉपी जॉइनिंग इन्फो' यांसारखं बटण असतं, तेच वापरा.

दारात कोण उभं आहे?

वेटिंग रूममध्ये 'रेडमी', 'आई', 'गॅलक्सी' अशी नावं दिसली की सर घाईत सगळ्यांना आत घेतात. झूमवर आत येण्याआधी नाव बदलता येतं, म्हणून रोल नंबरचा नियम पहिल्या आठवड्यातच कडक करा; नाव नाही तर प्रवेश नाही. मीटवर गूगल खात्याचंच नाव दिसतं. तिथं कुठल्या मुलाचं खातं कुणाच्या नावावर आहे याची यादी जवळ ठेवा, कारण पुष्कळदा ते वडिलांचं किंवा मामाचं असतं.

कुणी बाहेरचा शिरलाच तर झूममध्ये 'सिक्युरिटी' किंवा 'होस्ट टूल्स'खाली 'सस्पेंड पार्टिसिपंट ॲक्टिव्हिटीज' आहे. ते दाबलं की सगळ्यांचे माइक, कॅमेरे आणि स्क्रीन शेअर बंद होतात. मग त्या माणसाला शांतपणे काढा.

लिंक बदलावीच लागली तर

लिंक बाहेर फुटली, खातं बदललं, तर बदलावी लागतेच. आधी झूम किंवा कॅलेंडरमधली जुनी मीटिंग काढून टाका. मग डिस्क्रिप्शन, पिन, क्यूआर तिन्ही एकाच बैठकीत बदला. व्हॉट्सॲपवर पाठवलेला मेसेज १५ मिनिटांपर्यंतच सुधारता येतो; त्यानंतर जुना मेसेज सर्वांसाठी डिलीट होत असेल तर करा (फार जुना झाला की होत नाही) आणि नवा टाका, आणि त्याच्या पहिल्याच ओळीत 'जुनी लिंक बंद' असं लिहा.

मिनिटांची मर्यादा

झूमच्या मोफत खात्यावर मीटिंग ४० मिनिटांत तुटते, मीटच्या मोफत खात्यावर तीन किंवा जास्त माणसं असतील तर ६० मिनिटांत. दोन्हीकडे मोफत मर्यादा १०० जणांची. तास त्या हिशेबानं आखा, ऐन प्रमेयाच्या मधोमध पडदा काळा व्हायला नको.

साध्या फोनवाल्या पालकांना एसएमएस

हे काम आमच्याकडे बरेच जण मागतात. एकगठ्ठा एसएमएस पाठवायला टेलिकॉम कंपनीच्या डीएलटी पोर्टलवर (अशा एसएमएसच्या नोंदणीची साइट) क्लासची, पाठवणाऱ्याच्या नावाची आणि मजकुराच्या साच्याची नोंदणी लागते. १ ऑक्टोबर २०२४ पासून 'ट्राय' या दूरसंचार नियामकाच्या नियमानं आधी मंजूर न केलेली लिंक असलेला एसएमएस अडवला जातो. म्हणून एसएमएसमध्ये लिंक न घालता "दहावी गणित, सोमवार संध्या. ७, लिंक ग्रुपच्या माहितीत" एवढंच जाऊ द्या. नोंदणीची कागदपत्रं आम्ही भरून देतो.

जुन्या ग्राहकांना एका बॅचची लिंक, डिस्क्रिप्शन आणि क्यूआर आम्ही दुकानातच बसवून देतो. येताना ज्या खात्यावरून वर्ग घेता ते ज्या फोनमध्ये आहे तो फोन आणा, आणि त्या खात्याचा पासवर्ड आठवून या. अर्धा वेळ त्यातच जातो. फोनवर ओटीपी आला तर तो तुमच्याच हातानं टाका, आमच्या मुलांना सांगू नका. संध्याकाळी सहानंतर आम्हीही वर्गांच्या फोनवरच असतो, तेव्हा शक्यतो सकाळी या.