कुंडीतले अद्रक

कुंडी, पिपा, बादली किंवा पोत्यात माती भरून घरापुरते आले पिकवण्याची पद्धत. पुस्तकात ‘आले’ हा शब्द असला तरी विदर्भात बाजारात आणि चुलीपाशी शब्द अद्रकच. वाळले की सुंठ. वनस्पतीचे शास्त्रीय नाव झिंजिबर ऑफिसिनेल. खाण्यात येते ते मूळ नव्हे, जमिनीत आडवे पसरणारे खोड. लागवडीतल्या अद्रकाला बी धरत नाही, म्हणून कंदाचाच तुकडा लावावा लागतो.

खेड्यात जागेची वानवा नसते. घरामागे सांदवाडी मोकळी असूनही अद्रक पिप्यात लावायचे ते मातीपायी. कापसाला मानवणारी काळी भारी जमीन पावसाळ्यात पाणी धरून बसते आणि त्या चिखलात कंद सडतो. यालाच कंदकुज म्हणतात. दुसरी अडचण उन्हाची. नेमक्या लावणीच्या दिवसांत, एप्रिल-मेमध्ये, अकोला, नागपूर, चंद्रपूरकडे पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. पिपा उचलून निंबाखाली ठेवता येतो, वाफा उचलता येत नाही. याच कुळातली हळद वर्धा जिल्ह्यातल्या वायगावात शेतात उत्तम होते, तिला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. पण अद्रक तेवढे सोशिक नाही.

भांडे खोल असण्यापेक्षा पसरट असावे. फूटभर खोली पुरते. तेलाचा रिकामा पिपा आडवा कापून, बुडाला खिळ्याने दहा-बारा भोके पाडली की काम होते. मात्र मे महिन्यात पत्रा हात लागू देत नाही, म्हणून त्याभोवती ओले गोणपाट गुंडाळतात. नुसती काळी माती भरली तर शेतातलाच दोष पिप्यात येतो. तिच्यात रेती आणि पुरते कुजलेले शेणखत सढळ मिसळावे. भंडारा-गोंदियाकडे धानाचे तूसही घालतात.

बेणे आठवडी बाजारातले चालते, पण फुगीर, डोळे दिसणारे हवे. सुकून सुरकुतलेले नको. दोन-तीन डोळ्यांचा, ३० ते ४० ग्रॅमचा तुकडा करून काप एक-दोन दिवस सुकू द्यावा, मग डोळा वर ठेवून दोन इंच खोल पुरावा. कोंब यायला तीन-चार आठवडे लागतात. या काळात लोक उतावळे होतात आणि रोज पाणी ओततात. बहुतेक तुकडे तिथेच मरतात. माती ओलसर असली की पुरे. वर पालापाचोळा आणि उन्हाळाभर पऱ्हाट्या-तुराट्यांची, म्हणजे कापसा-तुरीच्या वाळक्या काड्यांची, विरळ सावली लागते. कोंबड्या असतील तर तुराट्या आडव्याही बांधाव्या लागतात. भुसभुशीत पिपा त्यांना उकरायला फार आवडतो.

पावसाळ्यात पिपा विटांवर चढवून ठेवतात, म्हणजे भोके बुजत नाहीत. कंद फुगू लागला की माती सारून गुलाबी बुडखे वर डोकावतात; तेव्हा शेणखत मिसळलेल्या मातीची भर द्यायची. पाने पिवळी पडून, बुड मऊ होऊन धांडा ओढताच हातात आला, तर ती कंदकुज. तो पिपा लगेच बाकीच्यांपासून दूर न्यावा.

कोवळे अद्रक पाच-सहा महिन्यांत कडेकडेने उकरून चहापुरते काढता येते. पूर्ण तयार व्हायला आठ-नऊ महिने लागतात. पाला वाळला की पाणी तोडतात. सगळे एकदम काढायची घाई नसते, कोरड्या मातीत ते महिना-दीड महिना टिकते. पुढच्या वर्षी त्याच मातीत पुन्हा अद्रक किंवा हळद लावत नाहीत. तिथे मेथी नाही तर सांबार, म्हणजे कोथिंबीर, पेरतात.