ग्रीन बिल्डिंग आली कुठून?

ग्रीन बिल्डिंग, म्हणजे ऊर्जा कमी खाणारी आणि पर्यावरणाला कमी त्रास देणारी इमारत, असं म्हटलं की आता लगेच क्लायमेट चेंज आठवतं, पण हे सगळं सुरू झालं तेव्हा कार्बनचं नाव फारसं कोणी घेत नव्हतं, धास्ती होती ती तेलाची.

एसी नव्हता तोवर गारवा किंवा ऊब देणं हे घराचंच काम होतं. जाड भिंती, मधे चौक, इराणच्या यझ्दमधे तर छतावर उंच बादगीर, म्हणजे वरचा वारा पकडून खाली खोलीत सोडणारे मनोरे. १९०२ मधे विलिस कॅरियरने एसीची यंत्रणा आखली तीसुद्धा माणसांसाठी नाही, छापखान्यातली हवा दमट होऊन कागद बिघडू नये म्हणून. पुढे ती ऑफिसांत शिरली आणि दुसऱ्या महायुद्धानंतर खिडकी न उघडणारे काचेचे टॉवर उभे राहत गेले, ऊन कुठून येतं वारा कुठून येतो हे बघायची गरजच वाटेना.

मग १९७३ ला अरब देशांनी तेल अडवलं आणि काही महिन्यांत भाव जवळपास चौपट झाले. मला यानंतरचं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते कॅनडात रेजायनाला १९७७ मधे बांधलेलं सस्कॅचवान कन्झर्वेशन हाउस. एवढ्या कडाक्याच्या थंडीतही त्यात घर तापवायची नेहमीची भट्टी नव्हती, भरपूर इन्सुलेशन, फटी बुजवलेल्या, आणि बाहेर जाणाऱ्या हवेची ऊब आत येणाऱ्या ताज्या हवेला देणारं यंत्र. हे यंत्र फार गरजेचं, कारण त्या काळात वीज वाचवायला कित्येक ऑफिसं नुसतीच हवाबंद केली गेली आणि आतल्या लोकांची डोकी दुखायला लागली. १९९१ मधे जर्मनीत डार्मश्टाटला पहिलं पॅसिव्ह हाउस, म्हणजे अगदी थोड्या उष्णतेवर भागणारं घर, झालं ते याच वाटेने.

कार्बनचा मुद्दा नंतर आला. १९८८ मधे आयपीसीसी, म्हणजे हवामान बदलाचा आढावा घेणारी संयुक्त राष्ट्रांची समिती, १९९० मधे इमारत पर्यावरणाच्या दृष्टीने कशी आहे याचे गुण देणारं ब्रिटनचं ब्रीअम रेटिंग, मग तसंच अमेरिकेचं लीड. रेटिंगमुळे बिल्डर या विषयाकडे वळले हे खरंच, पण बराच काळ लक्ष विजेच्या बिलावरच राहिलं. सिमेंट करताना चुनखडी भाजली की त्या दगडातूनच कार्बन डायऑक्साइड सुटतो, भट्टी सोलरवर चालवली तरी तो सुटणारच, आणि हा हिशोब खूप उशिरा मांडला गेला. म्हणून आता बरेच आर्किटेक्ट नवीन प्लॅनच्या आधी विचारतात की आहे तीच इमारत दुरुस्त करून वापरता येईल का, तिच्यातल्या सिमेंट-स्टीलचा कार्बन तर केव्हाच हवेत गेलाय.